मूळसंख्या पाठ करून घेऊ नका, शोधू द्या

हिमायतनगरचा पिन कोड ४३१८०२. पाचवीच्या वर्गात विभाजक-विभाज्य हा धडा आला की मी पुस्तक बाजूला ठेवते आणि फळ्यावर हा आकडा लिहिते. लेकरांच्या आधार कार्डावर तो असतो, घरी आलेल्या बँकेच्या पत्रावर असतो, म्हणून त्यांच्या ओळखीचा. मग विचारते, याला कोण कोण भागतं?

पहिली उत्तरं पटापट येतात. शेवटी २ आहे, म्हणजे २ ने भाग जातो. अंकांची बेरीज ४ + ३ + १ + ८ + ० + २, म्हणजे १८. तेव्हा ३ नेही जातो, ९ नेही जातो. २ आणि ९ दोघांनीही जातो म्हणून १८ नेही जातो. भागून बघितलं की येतात २३९८९. इथून पुढं पाठ केलेल्या कसोट्या फारशा कामाला येत नाहीत. २, ३ आणि ५ ने आता जात नाही. ७ ने भागायला एक जण फळ्यापाशी येतो आणि भाग नि:शेष जातो: ३४२७. पुन्हा ७ लावून बघायचा, कारण एकदा गेलेला दुसऱ्यांदाही जाऊ शकतो. या खेपेला बाकी ४ उरते. ११ ला बाकी ६, १३ ला ८, १७ ला १०, १९ ला ७. प्रत्येक भागाकाराला फळ्यावर वेगळं लेकरू. २३ लावला की वर्गात गलका होतो, कारण बाकी शून्य येते आणि हाती लागतात १४९.

आता या १४९ चं काय करायचं? हा लेख मी त्या एका प्रश्नासाठी लिहिते आहे.

बहुतेक लेकरं पुन्हा २ पासून सुरुवात करतात. २ जात नाही, ३ जात नाही, ५, ७... काही जण कंटाळून म्हणतात, "मॅडम, मूळसंख्याच असंल." असंल म्हणजे काय, असं विचारलं की गप्प. एका वर्षी तांड्यावरची एक मुलगी उठली. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यामुळं ती वर्षातले काही महिने शाळेत नसते. ती म्हणाली, "मॅडम, ३४२७ ला जे गेले नाहीत, ते १४९ ला कसे जातील?"

वाचकहो, या वाक्यावर जरा थांबा. ३४२७ म्हणजे १४९ ची तेवीसपट. ७ ने १४९ ला भाग गेला असता, तर १४९ च्या प्रत्येक पटीला गेला असता, ३४२७ लाही गेला असता. तो गेला नाही हे आपण आधीच बघितलं आहे. म्हणजे २ पासून १९ पर्यंत कुणालाही पुन्हा तपासायची गरज नाही. उरतात २३ आणि त्याहून मोठे. पण विभाजक नेहमी जोडीनं येतात, आणि २३ × २३ च ५२९ होतात. दोघंही २३ किंवा त्याहून मोठे असतील, तर त्यांचा गुणाकार १४९ एवढा लहान असूच शकत नाही. म्हणजे १४९ मूळसंख्या आहे. आमच्या गावचा पिन कोड २ × ३ × ३ × ७ × २३ × १४९ असा पुरता उकलला, आणि शेवटची पायरी एकही भागाकार न करता चढता आली. विभाजक आणि विभाज्य हे दोन शब्द पुस्तकात समोरासमोर दोन रकान्यांत मांडलेले असतात. त्या मुलीनं ते एका वाक्यात जोडले.

माझं म्हणणं एवढंच आहे: एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणं म्हणजे शाळेच्या गणितात दहा-अकरा वर्षांच्या लेकराला स्वतःच्या बळावर शंभर टक्के खात्री करून घेता येण्याची पहिली जागा आहे. गुरुजींनी सांगितलं म्हणून, गाईडात छापलंय म्हणून, उत्तरसूचीत पर्याय क्रमांक ३ आहे म्हणून असं काही म्हणावं लागत नाही. "मी सगळीकडे बघितलं, कुठंच नाही, आणि याच्या पुढं बघायची गरज का नाही हेही मला माहीत आहे," असं ते लेकरू म्हणू शकतं. ती जागा आपण पाठांतराला देऊन टाकली आहे, आणि मला ते सहन होत नाही.

कसं ते सांगते. आमच्याकडे चौथी-पाचवीच्या पालकांच्या डोळ्यांपुढं दोन परीक्षा असतात. एक शिष्यवृत्तीची, दुसरी नवोदयची. बिलोली तालुक्यातल्या शंकरनगरच्या जवाहर नवोदय विद्यालयात लेकरू लागलं, तर सहावी ते बारावी राहणं, जेवण, शिक्षण सगळं मार्गी लागतं. कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या घराला याचं मोल काय आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून त्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्या परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न असतात. त्यात अंकगणिताचे २०, आणि त्यांना वेळ धरलेला ३० मिनिटं. एका प्रश्नाला दीड मिनिट. विभाजक, विभाज्य, मसावि, लसावि हे सगळं त्यात येतं. 'पुढीलपैकी मूळसंख्या कोणती?' खाली चार पर्याय: ५१, ८७, ९१, ९७.

दीड मिनिटात हे जमवायचा सोपा उपाय म्हणजे १०० पर्यंतच्या २५ मूळसंख्या पाठ करून टाकणं. शिकवणीत तेच करून घेतात आणि वर्गातही आता तेच चालतं. लेकरं २, ३, ५, ७, ११, १३ पासून ९७ पर्यंत एका दमात म्हणतात, ऐकायला छान वाटतं. मग मी विचारते, १०१? वर्ग शांत. यादी ९७ ला संपलेली असते. ११९ विचारलं तर निम्मी लेकरं मूळसंख्या म्हणतात, कारण २, ३ आणि ५ च्या कसोट्यांत ती सापडत नाही. ज्याला सतराचा पाढा तोंडपाठ आहे, तो सतरा सत्ते ११९ म्हणून हसतो.

खरं तर १२१ च्या आतली कुठलीही संख्या तपासायला चारच भागाकार पुरतात: २, ३, ५ आणि ७. पुढची मूळसंख्या ११, आणि ११ × ११ म्हणजे १२१. त्याच्या आतल्या संख्येचे दोन्ही जोडीदार ११ किंवा त्याहून मोठे असू शकत नाहीत, म्हणून ७ पर्यंत बघितलं की काम झालं. २५ संख्यांची यादी पाठ करण्यापेक्षा हे हलकं ओझं आहे, आणि यादीसारखं ते ९७ ला संपतही नाही. २२१ घ्या. १३ × १३ = १६९, १७ × १७ = २८९; म्हणून १३ पर्यंत बघायचं. २, ३, ५, ७, ११ कुणीच जात नाही. शेवटच्या १३ ला मात्र ती सापडते, १३ × १७. आपले पाढे दहापटीपाशी थांबतात, त्यामुळं २२१ ना तेराच्या पाढ्यात येते ना सतराच्या. एक पायरी आधी थांबलेलं लेकरू फसतं. कुठं थांबायचं हे नीट कळणं म्हणजेच हा धडा कळणं, असं मी मानते.

यावर माझेच सहकारी म्हणतात, "मॅडम, इथं लेकरांना तीन अंकी भागाकार येत नाही आणि तुम्ही मूळसंख्यांच्या खोलात कुठं शिरता?" आक्षेप खरा आहे. 'प्रथम' संस्थेच्या असर पाहणीत गावोगावच्या लेकरांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला देतात, आणि तिथं किती जण अडखळतात याची चर्चा दर खेपेला होते. आमच्या तालुक्यातही अडखळतात, मी रोज बघते. पण भागाकार येत नाही म्हणून मूळसंख्या नको, हे मला पटत नाही. भागाकाराचा सराव आपण कसा देतो? एकाखाली एक वीस गणितं. त्यांच्या उत्तरांचं पुढं काही होत नाही. बाकी ३ आली काय आणि ५ आली काय, लेकराला सोयरसुतक नसतं. तेच लेकरू ३४२७ च्या मागं लागतं तेव्हा प्रत्येक बाकीकडं डोळे लावून बसतं. ७, ११, १३, १७, १९, २३ असे भागाकार एका तासात होतात, दोन अंकी भाजकांसह, आणि "अजून एक बघू" असं लेकरंच म्हणतात. भागाकाराला कारण मिळालं की हात चालतो.

पाढ्यांचंही तसंच. तिसापर्यंतचे पाढे कशाला, मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, असं तरुण पालक विचारतात. आमच्या वाढोण्यात (जुनी माणसं हिमायतनगरला अजून वाढोणाच म्हणतात) निजामाच्या राजवटीत शिकलेली म्हातारी माणसं पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी धडाधड म्हणायची. व्यवहार आण्यांचा होता, त्यांना ते लागत होतं. औटकी परत आणा असं मी म्हणत नाही. पण तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस हे पाढे ज्याला येतात, त्याला ९१, ५७, ८७ आणि १३३ बघताक्षणी दिसतात. पाठांतर कामाचं कधी, तर ते शोधाला हत्यार पुरवतं तेव्हा. पाढे पाठ करून घ्या, मी स्वतः घेते. मूळसंख्यांची यादी पाठ करून घेऊ नका, ती लेकरांच्या हातून तयार होऊ द्या.

सुरुवात कुठून करायची? चिंचोक्यांपासून. प्रत्येक जोडीला २४ चिंचोके द्यायचे आणि सांगायचं की सारख्या ओळी लावा, एकही उरता कामा नये. कुणी १ × २४ लावतं, कुणी २ × १२, कुणी ३ × ८, कुणी ४ × ६. मग एक चिंचोका काढून घ्यायचा. २३ च्या ओळी लागतच नाहीत, एक लांबलचक रांग तेवढी होते. माझ्या वर्गात घरी गोरमाटी बोलणारी लेकरं आहेत, तेलुगू बोलणारी आहेत, उर्दू बोलणारी आहेत. मराठीतला 'विभाजक' शब्द तोंडात बसायला त्यांना वेळ लागतो, पण २३ ची ओळ लागत नाही हे सगळ्यांना एकाच वेळी कळतं.

आणि ही गोष्ट त्यांना घरून ठाऊक असते. आमच्याकडे कापूस चौफुली लावतात. उभी-आडवी काकरं पाडायची आणि जिथं फुली पडते तिथं सरकी टोबायची, म्हणजे कोळपं उभंही चालतं आणि आडवंही. चौफुलीच्या वावरात ओळी गुणिले ओळीतली झाडं हा हिशोब लेकराच्या पायाखालून गेलेला असतो. ३६ फुल्यांचा तुकडा ४ × ९ असा येतो, ३ × १२ असा येतो आणि ६ × ६ असा चौकोनीही येतो. ६ ला जोडीदार स्वतः ६ च, म्हणून ३६ चे विभाजक मोजले तर ९ भरतात, विषम. वर्गसंख्यांचेच विभाजक संख्येनं विषम का असतात, हे सहावीतल्या लेकराला वावराच्या बांधावर उभं राहून सांगता येतं. लसाविसुद्धा घरात असतो. पाडव्याला पंचांगातलं संवत्सराचं नाव वाचतात. ती नावं ६०, मग पुन्हा पहिल्यापासून. गुरूला राशिचक्र फिरायला सुमारे १२ वर्षं लागतात, शनीला सुमारे ३०. १२ आणि ३० चा लसावि काढायला सांगा, लेकरं चकित होतात.

या मातीत असा खेळ आयुष्यभर खेळलेला एक शिक्षक होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमध्ये शिक्षण, आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. गणितात पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठात खुर्ची नव्हती. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक आता जगभर त्यांच्या नावानं ओळखतात. त्यांनी अशाही संख्या शोधल्या ज्यांना स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जातो, आणि त्यांना नाव दिलं हर्षद संख्या. आमच्या ४३१८०२ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने तिला भाग जातो. म्हणजे हिमायतनगरचा पिन कोड ही हर्षद संख्या आहे! हे सांगितलं की लेकरं आपापल्या मामाच्या गावचा पिन कोड तपासायला लागतात. घरून भागाकार करून आणा असं सांगावं लागत नाही.

दुसरं नाव मंगला नारळीकरांचं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या संख्यानामांवरून गदारोळ झाला, तेवढ्यापुरतं ते घराघरांत गेलं. त्यांचं संशोधन संख्यासिद्धांतातलं होतं आणि त्यातला एक भाग चाळणीच्या पद्धतीचा होता, हे आमच्या किती शिक्षकांना माहीत आहे? चाळणी म्हणजे तीच, जी आपण पाचवीत १०० घरांच्या तक्त्यावर लावतो: २ च्या पटी खोडा, ३ च्या पटी खोडा, ५ च्या, ७ च्या, आणि राहिल्या त्या मूळसंख्या. ग्रीक गणिती इराटोस्थेनिसच्या नावानं ती दोन हजारांहून अधिक वर्षं चालत आली आहे. संसार सांभाळत, मध्ये खंड पडून, नारळीकरांनी १९८१ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे आवर्जून सांगते. २०२३ च्या जुलैत त्या गेल्या.

पुढं काय उपयोग, हा प्रश्न पालक हमखास विचारतात, त्याचंही उत्तर आहे. ४३१८०२ सारख्या सहा अंकी संख्येत शोध फार तर ६५७ पर्यंत न्यावा लागतो आणि त्याच्या आत ११९ मूळसंख्या आहेत. वर्गातल्या सगळ्यांनी वाटून घेतलं तर ते एका दिवसाचं काम. पण संख्या सहाशे अंकी असेल तर? दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो. तो गुणाकार हातात देऊन "यातल्या दोघी सांग" म्हटलं तर जगातल्या ताकदवान संगणकांनाही ते जमत नाही. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी या अडचणीवरच गुप्तलेखनाची पद्धत उभी केली, आणि इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवायला ती आजही वापरतात. तिच्यातल्या नेहमीच्या संख्या ६१७ अंकी असतात.

आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अशी कसोटी दिली, की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे ती नक्की सांगते, आणि संख्येचे अंक वाढले तरी लागणारा वेळ आवाक्यात राहतो. ते दोघं विद्यार्थी त्याच वर्षी बी. टेक. झालेले! गंमत अशी की संख्या मूळ नसेल तर ही कसोटी "नाही" म्हणून सांगते, पण तिचे विभाजक कोणते ते सांगत नाही. ते झटपट शोधायची रीत साध्या संगणकासाठी अजून कुणाला सापडलेली नाही. पाचवीच्या लेकराला मी हे सांगते तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की गणितात अजून काही शोधायचं राहिलं आहे.

नवोदयची परीक्षा देशभराची आहे, ती इथून बदलणार नाही, आणि शिष्यवृत्तीचे पर्यायही राहतील. पण शाळेची चाचणी आपल्या हातात आहे. पाचवी आणि सहावीच्या प्रत्येक घटक चाचणीत एक प्रश्न पर्यायांशिवाय ठेवा: '१४९ मूळसंख्या आहे का? तुम्हाला कसं कळलं ते लिहा.' खाली अर्धं पान कोरं सोडा. 'हो' ला एक गुण आणि कारणाला तीन. उत्तर चुकलं पण कारण बरोबर रस्त्यानं गेलेलं असेल, तर दोन गुण द्या. मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं असेल तरी द्या, तोंडी सांगितलं तरी द्या. ऊसतोडीवरून परतलेल्या लेकराला लिहायला वेळ लागतो, विचार करायला लागत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत या विषयाला एक तास मिळाला, तर चिंचोके आणि १०० घरांचा तक्ता घेऊन मी यायला तयार आहे. प्रत्येक शाळेनं आपापल्या गावचा पिन कोड घेऊन यावा, आणि शिक्षकांनी आधी तो स्वतः शेवटपर्यंत उकलावा.